आठवड्याला दोन टक्के

मास्तरांच्या टाकीवरचा दिवा वर्षभर वाढत चालला होता आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा मास्तरीणबाईंना होत होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मागाहून लोक म्हणतात, बाईला काय कळणार, बिचारी! बिचारी कसली? सगळं तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, हातभर अंतरावर.

खोली एकच, पण ऐसपैस. एका भिंतीला मास्तरांची पाच फुटी टाकी, खाऱ्या पाण्याची. तिच्यात दगड, दगडांवर जिवंत पोवळी, आणि त्यांच्यामधून हिंडणारे सात-आठ मासे. दुसऱ्या टोकाला बाईंचं शिवणयंत्र. बाई कपड्यांच्या दुरुस्तीची कामं घेत. झिपा बदलायच्या, पँटी आखूड करायच्या, उसवलेलं सांधायचं. टाकीचा उजेड फाकायला लागला तसं त्यांनी यंत्र वीतवीत सरकवत टाकीच्या शेजारी आणलं. सुई ओवायला वेगळा दिवा लागेना. जुना टेबलदिवा त्यांनी माळ्यावर टाकला. "चला, सवतीचा काहीतरी उपयोग झाला," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगत.

सवत म्हणजे टाकी. मास्तर तिच्यापुढे तासन् तास बसत, जेवायला तीन हाका माराव्या लागत, मग बाईंनी दुसरं काय म्हणायचं? त्यातलं सगळ्यात मोठं, फांद्याफांद्यांचं जांभळं पोवळं, त्याला मास्तर 'थोरली' म्हणत. नऊ वर्षांपूर्वी अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, तो वाढून कोबीच्या गड्ड्याएवढा झाला होता. टाकीत धाकटी कोणी नव्हती, पण थोरली होती.

आणि मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. तीस वर्षं ते गाड्यांच्या रंगशाळेत होते. ठोकलेल्या गाडीचं दार बदललं की नव्या दाराला जुन्या, उन्हात विटलेल्या गाडीचा रंग जुळवावा लागतो. डब्यावरचा नंबर तिथे कामाचा नाही. मास्तर गाडीकडे एकदा बघत, मग एक थेंब काळा, चिमूटभर पिवळा असं घालत घालत असा रंग आणत, की मालकालासुद्धा आपलं कुठलं दार बदललंय ते सांगता येत नसे. म्हणून सगळे त्यांना 'नजरमास्तर' म्हणत. काम सुटून दोन वर्षं झाली तरी अवघड छटा आली की रंगशाळेतून बोलावणं यायचं. हल्ली येत नव्हतं. "मीच नाही म्हटलं," असं मास्तर सांगत, आणि बाईंना ते खरं वाटलं.

पोवळ्यांच्या उजेडाचंही मास्तर नजरेनंच करत. पोवळी पाळणारी मंडळी मोजायचं यंत्र वापरतात, पाण्यात बुडवलं की ते उजेड किती ते आकड्यात सांगतं. मास्तरांना त्याचा राग. "माझ्या कपाळाला दोन यंत्रं बसवलेली आहेत, तिसरं कशाला?" पाहुणा आला की त्याला ते पाढ्यासारखं ऐकवत. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर जगतं आणि पोवळ्याला जेवू घालतं. उजेड कमी पडला तर पोवळं तपकिरी पडतं. जास्त झाला तर ते शेवाळालाच बाहेर काढतं, पांढरं होतं आणि मग उपाशी मरतं. "आणि दिवा कधीही एकदम वाढवायचा नाही. आठवड्याला दोन टक्के, वर नाही. अंगवळणी पडू द्यायचं." दिव्याच्या बटणाचा एक खटका म्हणजे दोन टक्के. खटका फिरवला की मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या रविवारच्या चौकटीत पेन्सिलीने आकडा लिहीत. चौवेचाळीस. शेहेचाळीस. अठ्ठेचाळीस.

बाईंनी हा पाढा शंभरदा ऐकला होता. झोपेत विचारला असता तरी म्हणून दाखवला असता.

तरी व्हायचं ते झालं. आधी टाकीच्या काचा. मास्तर रोज चुंबकाच्या घासणीने आतलं हिरवं कीट काढत, पण हल्ली दोन्ही कडांना हिरवट पट्टे राहायला लागले. "अहो, कोपरे कोणी घासायचे? मी?" बाई म्हणत. "घासलेत की," असं मास्तर म्हणत, आणि बाईंना वाटे, वय झालं, आळस करतात. मग इस्त्रीच्या टेबलाला अडखळणं सुरू झालं. टेबल वीस वर्षं तिथेच होतं. "तुझं हे टेबल मधेमधे येतं," असं मास्तर चिडून म्हणाले, तर बाईच तडकल्या, "टेबल चालायला लागलं वाटतं!" दोघं हसलीसुद्धा.

आणि एका सकाळी, दोरा दातांनी तोडता तोडता बाईंचं लक्ष थोरलीकडे गेलं. फांद्यांची टोकं पांढरी झाली होती. चारपाच दिवसांत पांढरेपणा खाली उतरला. भर उजेडात थोरली अशी लखलखत होती, की बाईंना आयुष्यात पहिल्यांदा सवत देखणी वाटली. "अहो, किती छान दिसतेय हो तुमची थोरली," त्या म्हणाल्या. "पांढरीशुभ्र."

मास्तर काचेशी वाकले. बराच वेळ वाकून राहिले. "पांढरी कुठली," ते म्हणाले, "वाढीची टोकं आहेत. वाढताना तशी दिसतात."

आता पाढा पाठ असलेल्या बाईला हे कळायला नको? जास्त झाला तर पांढरं. पण नजरमास्तर म्हणतात वाढीची टोकं, तर वाढीची टोकं. आपण शिवणाऱ्या, आपल्याला त्यातलं काय कळतं? बाईंनी पुढची पँट ओढली. त्या रविवारी मास्तरांनी आणखी एक खटका फिरवला आणि कॅलेंडरात ब्याण्णव लिहिलं.

पुढच्याच आठवड्यात धाकटे भाऊजी आले. मास्तरांचे हे भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करत, आणि टाकीचं वेड त्यांना भावानेच लावलेलं. कुठून तरी मोजायचं यंत्र उसनं मिळालं म्हणून थोरल्या भावाची गंमत करायला घेऊन आले होते. दारातच थबकले. "वहिनी, घरात काय शूटिंग चाललंय? गल्लीच्या टोकापासून उजेड दिसतोय!" मग टाकीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी यंत्राची कांडी पाण्यात सोडली. थोरलीच्या माथ्यावर आकडा आला साडेसहाशे. "अडीचशे हवा, दादा," ते म्हणाले. "साडेसहाशे आहे."

"यंत्र बिघडलंय तुझं."

"माझ्या टाकीत कालच लावलं होतं. बरोबर दाखवतं."

"मग तुझी टाकी बिघडलीये," असं म्हणताना मास्तरांचा आवाज चढला. "तीस वर्षं रंग जुळवलेत या डोळ्यांनी. कालचं पोर मला उजेड शिकवतंय! उलट अजून कमीच पडतोय. संध्याकाळ झाल्यासारखं दिसतंय सगळं. वाढवायलाच हवा."

बाईंनी मशीनवरून मान वर केली. ढळढळीत दुपार होती, खिडकी उघडी होती, आणि टाकीच्या उजेडात भाऊजींच्या कपाळावरचा घाम मोजता आला असता.

मग भाऊजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "दादा, थोरली कोणत्या रंगाची आहे?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांग ना."

"जांभळी," मास्तर म्हणाले. "वांग्यावर पाणी शिंपडल्यावर दिसतं तशी."

थोरली चुन्यासारखी पांढरी होती. माथ्यापासून बुडापर्यंत. बाईंच्या हातातली कात्री टेबलावर पडली, आणि त्या आवाजाने मास्तरांनी मान वळवली, पण नजर भलतीकडेच शोधत राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला सकाळभर घेतली. मास्तरांना एका यंत्रात मान घालून बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाल्या. बाई शेजारच्या पडद्यावर बघत होत्या. ठिपके येत होते, जात होते, आणि मास्तर बटण दाबत नव्हते. काचबिंदू. डावा डोळा जवळपास गेलेला, उजव्यात मधोमध नाणंभर उरलेलं. कडेकडेने गेलं म्हणून कळलं नाही, डॉक्टर म्हणाल्या. डोळ्यांची नस सुकते, मग सगळं अंधारं वाटतं, माणूस जास्त उजेड मागायला लागतो. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी टिकवायचा प्रयत्न करू, पण फार उशीर झालाय.

"अंधारं कधीपासून वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"दोनतीन महिने असतील," मास्तर म्हणाले.

घरी आल्यावर चपलाही न काढता बाई कॅलेंडरपाशी गेल्या. यंदाच्या मागे, त्याच खिळ्याला, गेल्या वर्षीचं होतं. पानं उलटत उलटत त्या मागे गेल्या. चौवेचाळीसचं पहिल्यांदा शेहेचाळीस झालं त्याला चौदा महिने झाले होते. चौदा महिने नवऱ्याचे डोळे जात होते आणि त्याचा आकडा दर दोन-तीन आठवड्यांनी भिंतीवर लिहिला जात होता, त्याच्याच अक्षरात. आणि आपण त्या उजेडात सुई ओवत होतो. बाईंनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली, खरंच मारून घेतली, मग पदर डोळ्यांना लावून न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

बाहेर आल्या तेव्हा भाऊजी दिव्याच्या बटणाकडे हात नेत होते. "छत्तीसवर आणू या, वहिनी. थोरली अजून मेलेली नाही, नुसती पांढरी पडलीये. उजेड उतरवला, भरवलं, तर जगेल."

"हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या.

भाऊजी बघतच राहिले. या बाईने नऊ वर्षांत टाकीबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता.

"त्यांना त्या उजेडात काहीतरी दिसतंय ना? मग राहू दे तसाच. शंभरावर न्या. मरू देत ती पोवळी, माझी सवतच मेली म्हणेन. आयुष्यभर रंग बघितले त्या माणसाने, आता उरलेत ते दिवस तरी बघू दे!"

"अगं," मास्तर खुर्चीतून म्हणाले, "ओरडू नकोस. मासे बुजतात."

"बुजू देत!"

"नऊ वर्षं पोसली तिला. आता मला बघायचं म्हणून तिला उपाशी मारू? आणि मेल्यावर काय बघू? सांगाडा?" मग म्हणाले, "आजचा दिवस राहू दे. उद्या तू फिरव बटण."

"मी का?"

"मला आकडे दिसत नाहीत. बरेच दिवस दिसत नाहीत. खटके मोजून फिरवायचो."

त्या दिवशी मास्तर टाकीसमोरून उठले नाहीत. खुर्ची काचेला टेकवली होती. किल्लीच्या भोकातून खोली बघावी तशी मान जराजरा हलवत ते एकेक जागा शोधत होते, सापडली की तिथे थांबत होते. बाईंनी ताट मांडीवर आणून दिलं, एकही हाक न मारता. थोरली पांढरी आहे हे आता त्यांना सांगून झालं होतं. "असू दे," ते म्हणाले. "आकार तर तोच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बटण धरलं. ब्याण्णवपासून छत्तीसपर्यंत अठ्ठावीस खटके. मास्तर मोठ्याने मोजत होते, रंगशाळेत थेंब मोजत तसे. सातव्याला म्हणाले, "मागचे दगड गेले." बाराव्याला म्हणाले, "मासे गेले. थोरली आहे." बाईंचा हात थांबला.

"फिरव गं."

सतराव्याला ते म्हणाले, "आहे अजून. कुठेतरी आहे." एकोणिसावा आकडा मोजायचाच राहिला. मग "वीस" म्हणाले, आणि पुढचे आठही न चुकता मोजले. खोलीत पंपाची घरघर तेवढी राहिली.

"बरोबर झाला उजेड," मास्तर म्हणाले. "आता काही दिसत नाही."

तेव्हापासून टाकी बाईंकडे आली. सवतीचं दुखणं काढणं म्हणजे काय ते त्यांनाच विचारावं. संध्याकाळी थोरलीची बारीक बारीक तोंडं उघडली की ड्रॉपरने प्रत्येक फांदीवर खाणं सोडायचं, हात खांद्यापर्यंत पाण्यात. मीठ अंगावर वाळून खाज सुटे. मास्तर खुर्चीतून सूचना करत, आणि बाई म्हणत, "सासूबाईंनी केल्या नाहीत एवढ्या सूचना करताय तुम्ही!" माळ्यावरचा टेबलदिवा उतरवला आणि शिवणयंत्रावर लावला. त्याच्या प्रखर उजेडात अगदी नाकाशी धरलं तर मास्तरांना अजून रंग दिसत होता, नाणंभर का होईना.

ते कळलं तेव्हा बाईंनी दोऱ्यांच्या रिळांचा डबा आणला. जांभळ्याच्याच वीस छटा होत्या. मास्तरांनी दिव्याखाली एकेक रीळ धरली, सकाळभर. कुठली निळ्याकडे झुकते म्हणून बाजूला केली, कुठली लालसर म्हणून. शेवटी एक बाईंच्या हातात दिली. "ही. थोरली होती ती ही. इथवर आली की बरी झाली समज."

मग दर रविवारी बाई डबा घेऊन काचेशी बसत आणि थोरलीला जुळेल ती रीळ काढून मास्तरांना दिव्याखाली दाखवत. आधी पांढरी. पाच रविवार पांढरीच. मग राखी. मग चहाच्या डागासारखी तपकिरी, तेव्हा बाई घाबरल्या. "तपकिरीच यायला हवी आधी," मास्तर खुशीत म्हणाले. "शेवाळ घरी परत आलं. जगली गं, जगली!" त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. बाईंनी दिवा वाढवायला घेतला, आठवड्याला एक खटका, आणि कॅलेंडरात आता त्यांचं अक्षर दिसायला लागलं. अडतीस. चाळीस. चौवेचाळीसला थांबल्या.

मास्तरांच्या डोळ्यांतले थेंब दिवसातून दोनदा चालू होते. वेळ चुकली नाही, एकदासुद्धा नाही.

जांभळा आला तो बुडातून. एका फांदीच्या बेचक्यात, नखाएवढा. मग हळूहळू वर चढला. डब्यातल्या रिळा फिकटाकडून गडदकडे सरकत गेल्या. मास्तर प्रत्येक रीळ दिव्याखाली धरत, पण बाईंच्या लक्षात यायला लागलं की धरून ठेवायला त्यांना जास्त वेळ लागतोय. या वेळी त्यांच्या लक्षात आलं. करता येण्यासारखं काही नव्हतं, एवढाच फरक.

अकरा महिन्यांनी एका रविवारी बाईंनी मास्तरांनी काढून दिलेली ती रीळ काचेला लावली, दोऱ्याचं टोक सोडलं, आणि ते थोरलीच्या फांदीपुढे दिसेनासं झालं. पुन्हा बघितलं. दोरा कुठला आणि फांदी कुठली, सांगता येईना. बाई लहान मुलीसारख्या धावत आल्या. "अहो, जुळली! तुमचीच रीळ जुळली, धरा!"

मास्तरांनी रीळ घेतली. शिवणयंत्रापाशी बसले, नाकाशी धरली, वळवली, दुसऱ्या बाजूने धरली. बाई शेजारी उभ्या होत्या, धाप लागलेली.

"अगं, जरा दिवा लाव ना," मास्तर म्हणाले.

दिवा लागलेलाच होता. मास्तरांच्या मनगटापासून बोटभर अंतरावर जळत होता, रिळीवरचा धागान् धागा मोजता येत होता. बाईंनी बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं.

"लावला," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी हात पुढे केला, दिव्याची पितळी टोपी चाचपली, ती तापलेली होती. त्यांनी हात काढून घेतला आणि रीळ बाईंच्या तळहातावर ठेवली.

"काठाला बघितलंस?" त्यांनी विचारलं. "मधे जुळतं आणि काठाला फसवतं. नेहमी काठाला बघायचं."

"बघते," असं म्हणून बाई टाकीकडे गेल्या, कारण तिथे उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. गुडघ्यावर बसल्या, रीळ काचेला लावली, आणि थोरलीच्या अगदी कडेच्या, अगदी शेवटच्या फांदीशी धरली. डोळे भरल्यामुळे आधी काही दिसेना. पुसून पुन्हा बघितलं.

"काठालासुद्धा जुळलीय हो," त्या तिथूनच म्हणाल्या.

"मग आता टाकीच्या दिव्याला हात लावू नकोस," मास्तर म्हणाले.